आधी काय बांधणार?

आमच्या अपार्टमेंटसमोरचा रस्ता ओलांडला की एक जुनी नर्सरी होती. काचेच्या लांबलचक शेड, निम्म्या काचा फुटलेल्या, आणि मागच्या बाजूला जर्दाळूची पंधरा-वीस झाडं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिणेचा हा सगळा पट्टा एके काळी जर्दाळू, चेरी आणि प्रूनच्या बागांचा होता. कंपन्या आल्या, बागा गेल्या. ही झाडं तेवढी तोडायची राहिली होती. मार्चच्या सुरुवातीला ती फुलायची, तेव्हा मुलाला शाळेत सोडून परत येताना मी मुद्दाम त्या बाजूच्या फुटपाथवरून यायची.

अशाच एका सकाळी कुंपणावर जेवणाच्या टेबलाएवढा फलक लागलेला दिसला. ४८० घरं, तीन फेज, प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी. तारीख आठ दिवसांवर आलेली.

आमच्या घरी नोटीस आलीच नव्हती. आधी वाटलं टपालात हरवली असेल. मग सिटी हॉलमध्ये फोन केला तेव्हा कळलं, की कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अशा सुनावणीची नोटीस किमान १० दिवस आधी ३०० फुटांच्या आतल्या मालमत्तांच्या मालकांना पाठवावी लागते. मालकांना. आमच्या इमारतीत चाळीसेक कुटुंबं भाड्याने राहतात, आम्ही स्वतः तिथे सात वर्षं राहत होतो. आमच्या वाट्याचं पत्र इमारतीच्या मालक कंपनीच्या ऑफिसात गेलं असणार, दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात. रस्त्यापलीकडे पुढची दहा वर्षं बांधकाम चालणार, धूळ आमच्या खिडक्यांत येणार, आणि आम्हाला कळवायचं बंधन कुणावरच नाही, हे मला फार लागलं. त्याच संध्याकाळी मी फलकाचा फोटो छापून लाँड्रीरूमच्या दारावर चिकटवला. खाली इंग्रजी, स्पॅनिश आणि हिंदीत तारीख लिहिली.

घरं नकोत असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. धाकटीच्या प्रीस्कूलमधल्या टीचर तेव्हा ट्रेसीहून येत. पहाटे साडेचारला घर सोडायचं, आल्टामाँटचा घाट ओलांडायचा, साडेसहाला शाळेचं दार उघडायचं. आमच्या मुलीला शी-शू सांगायला शिकवणारी, तिचा ताप सगळ्यात आधी ओळखणारी बाई दिवसातले साडेचार तास गाडीत काढत होती, कारण आमच्या शहरात तिच्या पगारात एक खोलीसुद्धा मिळत नव्हती. फलकावर "परवडणारी घरं ७२" असं वाचलं तेव्हा पहिला विचार त्यांचाच आला.

पण त्याच फलकावर "तीन फेज" असंही लिहिलं होतं, आणि फेज या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे.

बाबांनी १९९४ साली डोंबिवलीच्या बाहेरच्या बाजूला फ्लॅट घेतला. तीन फेजची स्कीम होती. पहिल्या फेजमध्ये आमच्या तीन इमारती, दुसऱ्यात पाच, आणि तिसऱ्यात उंच पाण्याची टाकी, बाग, बालवाडीची जागा. पहिला फेज वेळेत झाला. दुसरा अर्धा झाला. तिसऱ्याच्या जागेवर मी शाळेत असेपर्यंत गवत होतं आणि कॉलेजला गेले तेव्हा दुसऱ्याच कुणाची तरी पाटी होती. टाकी तिसऱ्या फेजमध्ये असल्यामुळे पहिल्या फेजच्या लोकांनी अकरा वर्षं टँकरचं पाणी भरलं. खालून कुणी "आला रे" म्हणून ओरडलं की आई हातातली पोळी तव्यावर टाकून बादल्या घेऊन धावायची. जळक्या पोळीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. सोसायटी रजिस्टर झाली, पण जमीन सोसायटीच्या नावावर होईना, कारण करारनाम्यात कन्व्हेयन्स "संपूर्ण लेआउट पूर्ण झाल्यावर" करायचं लिहिलेलं. लेआउट पूर्ण होणार कधी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नाडीची फाइल काखेत मारून बिल्डरच्या ऑफिसात जायचे आणि "पुढच्या दिवाळीपर्यंत" हे उत्तर घेऊन यायचे. २०१६ च्या रेरा कायद्याने आता प्रत्येक फेज वेगळा प्रकल्प धरला जातो, त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळी मुदत असते. बाबांच्या पिढीला तो कायदा मिळाला नाही.

प्लॅनिंग कमिशनच्या सुनावणीला आमच्या इमारतीतून सहाजण गेलो. आम्हाला काहीच कळत नव्हतं, बोललोही नाही. कमिशन फक्त शिफारस करतं, खरा निर्णय सिटी काउन्सिलचा, एवढं पदरात पडलं. ती सुनावणी जूनमध्ये होती. हातात अडीच महिने होते.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून मी सिटी हॉलच्या प्लॅनिंग काउंटरवर गेले. तिथला तरुण प्लॅनर अतिशय सभ्य होता. मी म्हटलं, मला ही फाइल समजून घ्यायची आहे. त्याने कागद काउंटरवर पसरले, आणि तासभर, मागे रांग नव्हती म्हणून, सगळं सांगितलं. त्या तासाचे उपकार मी विसरणार नाही.

त्याने आधी शहरावरचं ओझं सांगितलं. दर आठ वर्षांनी राज्य प्रत्येक भागाला किती घरांची सोय करायची याचा आकडा देतं. २०२३ ते २०३१ साठी खाडीभोवतालच्या नऊ परगण्यांना मिळून ४,४१,१७६ घरांचा आकडा आहे. तो शहराशहरांत वाटला जातो, आणि ही घरं कुठल्या जमिनीवर होऊ शकतील हे प्रत्येक शहराला पत्त्यासकट लिहून द्यावं लागतं. आमच्या शहराने दिलेल्या यादीत ती नर्सरी होती. म्हणजे तिथे घरं व्हावीत का, हा प्रश्न सुनावणीच्या आधीच सुटलेला होता. किती व्हावीत, हाही बऱ्यापैकी सुटलेला. १९८२ चा हाउसिंग अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्ट आहे. प्रकल्प शहराच्या लेखी, मोजता येणाऱ्या नियमांत बसत असेल, तर सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला ठोस धोका पुराव्यानिशी दाखवल्याशिवाय काउन्सिलला तो नाकारता येत नाही आणि घरंही कमी करता येत नाहीत.

"मग काउन्सिलच्या हातात राहिलं काय?" मी विचारलं.

त्याने खालचा एक जाडजूड दस्त वर काढला. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट. मोठ्या, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पात बिल्डरला भीती असते, की तिसरा टप्पा येईपर्यंत नियम बदलतील, शुल्क वाढेल, काउन्सिल बदलेल. म्हणून तो शहराशी करार करतो. आजचे नियम पुढच्या इतक्या वर्षांसाठी माझ्यापुरते गोठवा, त्या बदल्यात मी अमुक देतो. असा करार करायचं शहरावर बंधन नसतं. इथे काउन्सिल मागू शकतं.

मी तो दस्त तिथेच उभ्या उभ्या चाळला. शेवटी टप्प्यांचा तक्ता जोडलेला होता. पहिल्या टप्प्यात रस्त्यालगतची १९० टाउनहाउस, विक्रीची. दुसऱ्यात २१८ फ्लॅट, तेही विक्रीचे. तिसऱ्यात ७२ परवडणारी भाड्याची घरं आणि बाग. पहिल्या टप्प्यासमोर वर्ष लिहिलं होतं. दुसऱ्यासमोरही. तिसऱ्यासमोर एक वाक्य होतं: "बाजाराची परिस्थिती अनुकूल होईल त्याप्रमाणे."

ते वाचून मी किती वेळ गप्प उभी होते मला आठवत नाही. प्लॅनरने पाण्याचा ग्लास पुढे केला. डोंबिवलीच्या त्या ऑफिसातलं "पुढच्या दिवाळीपर्यंत" इथे सुबक इंग्रजीत, वकिलाने लिहून समोर आलं होतं. बिल्डरच्या बाजूने पाहिलं तर हा क्रम समजतो. विक्रीच्या घरांतून पैसा येतो, त्यातून पुढचं बांधायचं. परवडणाऱ्या घरांना भाडं कमी, त्यामुळे त्यांना सरकारी कर्ज, टॅक्स क्रेडिट (सरकारी करसवलतीतून उभा राहणारा निधी) असा चार ठिकाणचा पैसा गोळा करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हे सगळं खरं आहे. पण मधेच मंदी आली तर जे शेवटी ठेवलंय तेच बुडतं, हेही तितकंच खरं आहे.

त्याची साक्ष तासाभरावर आहे. माझी कॉलेजची मैत्रीण माउंटन हाउसला राहते. आल्टामाँट ओलांडला की शेतांच्या मधोमध नकाशावर आखून वसवलेलं ते गाव. १९९० च्या दशकात सॅन ह्वाकिन परगण्याने आराखडा मंजूर केला, २००३ च्या सुमाराला लोक राहायला येऊ लागले, आणि पाचच वर्षांत घरांचा बाजार कोसळला. कर्जाच्या मानाने घराची किंमत सगळ्यात जास्त घसरलेली वस्ती म्हणून २००८ मध्ये त्या गावाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. हायस्कूल उघडलं २०१४ मध्ये. तोपर्यंत तिथली मोठी मुलं बसने ट्रेसीला शिकायला जायची. गाव शेवटी उभं राहिलं, २०२४ च्या जुलैपासून ते स्वतंत्र शहर झालंय आणि मैत्रीण तिथे सुखात आहे. पण तिच्या शेजारणीच्या दोन्ही मुलांची सगळी हायस्कूलची वर्षं बसमध्ये गेली, ती काही परत आली नाहीत.

पाडव्याच्या कार्यक्रमात हा विषय निघाला. आमच्या मंडळातली बरीच कुटुंबं नर्सरीच्या पलीकडच्या घरांत राहतात, स्वतःच्या मालकीच्या. श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन आम्ही कोपऱ्यात उभे होतो.

"वहिनी, तुम्ही म्हणे प्रकल्पाच्या बाजूने बोलणार?" मंडळातल्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "शाळेत आधीच जागा नाही. सकाळी त्या चौकात काय होतं ते तुम्हीही बघता. ४८० घरं म्हणजे किती गाड्या?"

"भाऊजी, चौकाची काळजी मलाही आहे. माझा मुलगा तिथूनच चालत जातो," मी म्हटलं.

मग मला जे कळलं होतं ते मी सांगितलं. शाळेत जागा नाही या कारणावरून काउन्सिलला प्रकल्प अडवता येत नाही. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे बिल्डरने ठरलेलं शाळा शुल्क भरलं की त्या बाबतीतली त्याची जबाबदारी पूर्ण झाली असं धरतात. हे मला पटत नाही, पण कायदा तसा आहे. गाड्यांचंही तसंच. पूर्वी पर्यावरण अहवालात चौकात गाड्या किती वेळ तुंबतील हे मोजायचे. २०१३ च्या कायद्याने ते बदललं आणि २०२० च्या जुलैपासून राज्यभर माणसं एकूण किती मैल गाडी चालवतील हे मोजतात. त्यामुळे "ट्रॅफिक वाढेल" एवढं म्हणून कुणी खाली बसलं, तर ते नोंदलं जातं आणि तिथेच राहतं.

"म्हणजे बोलून उपयोगच नाही," भाऊजी म्हणाले.

एक काका इतका वेळ ऐकत होते. मुलाकडे राहतात, पुण्याला पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले, "कुपर्टिनोचं आठवतं ना? व्हॅल्को मॉलचं?" सगळ्यांनाच आठवत होतं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांपुढे त्या जागेबद्दलचे दोन प्रस्ताव होते, लोकांनी दोन्ही पाडले. दोनच वर्षांत, राज्याच्या एसबी ३५ या नव्या कायद्याखाली, २,४०२ घरांच्या आराखड्याला शहराच्या कर्मचाऱ्यांनी नियम तपासून मंजुरी दिली. त्या रस्त्याने गेलं की काउन्सिलच्या मताची गरजच पडत नाही. "नाही नाही म्हणत बसलं की विचारायचेच बंद होतात," काका म्हणाले. "मागायचं असेल तर नेमकं मागा. चौकात सिग्नल मागा. कधी पाहिजे ते सांगा."

काकांमुळे आमचा मार्ग ठरला. घरमालक आणि भाडेकरू, विरोधातले आणि बाजूचे, अशा अकरा घरांनी मिळून एक पानी पत्र तयार केलं. त्यात तीनच मागण्या होत्या. पहिल्या टप्प्यातल्या पहिल्या घराचा ताबा देण्याआधी शाळेच्या चौकात सिग्नल आणि पादचाऱ्यांसाठी उंच क्रॉसिंग. परवडणाऱ्या इमारतीची जमीन, पाणी-गटाराच्या जोडण्यांसकट, पहिल्या टप्प्याबरोबरच ना-नफा गृहसंस्थेच्या हवाली. आणि बाग दुसऱ्या टप्प्यात. बागेचं गणित काकांनी बसून केलं. कॅलिफोर्नियात नव्या वस्तीकडून दर हजार माणसांमागे तीन एकर या हिशेबाने बागेची जमीन किंवा तिचे पैसे मागता येतात. घरटी तीन माणसं धरली तर चार एकरांच्या वर जाते. आराखड्यात दोन एकर होती, बाकीचे पैसे. ती दोन एकर तरी लवकर मिळावी, एवढंच म्हणणं होतं.

काउन्सिलची सभा मंगळवारी. अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, ब्राउन अ‍ॅक्ट या खुल्या सभांच्या राज्य कायद्याचा नियम आहे. शुक्रवारी संध्याकाळी तो आला, जोडपत्रांसकट नऊशेच्या वर पानं. शनिवार-रविवार आम्ही वाटून वाचली. नवऱ्याने स्वयंपाक सांभाळला. रविवारी रात्री अकरा वाजता टप्प्यांच्या तक्त्यात मी पुन्हा ते वाक्य शोधलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

सभागृह सात वाजता भरलं. भिंतींना टेकून लोक उभे. सुतारांच्या युनियनचे तीसेक जण एकसारखे टी-शर्ट घालून आलेले. आधी कुणाचा सत्कार, मग रुटीन ठराव, मग एका रस्त्याच्या डांबरीकरणाचं कंत्राट. आमचा विषय सव्वानऊला निघाला. प्लॅनरने अहवाल मांडला, बिल्डरच्या लोकांनी चित्रं दाखवली. जर्दाळूची चार झाडं त्यांनी चित्रात ठेवली होती, ते पाहून बरं वाटलं. बोलणाऱ्यांच्या चिठ्ठ्या साठच्या वर गेल्या, म्हणून महापौरांनी प्रत्येकाची तीन मिनिटं कमी करून दोनवर आणली.

तुम्हाला कधी असं बोलावं लागलं तर हे लक्षात ठेवा. तीन मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत वेगाने वाचून होत नाही. मी रांगेत उभ्या उभ्या माझ्या कागदावरचे दोन परिच्छेद पेनने खोडले. डोंबिवली खोडली. हात थरथरत होता. मी माझ्या मतावर ठाम होते, तरी परक्या देशात, परक्या भाषेत, पाच निवडून आलेल्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे पोटात गोळा येतोच.

हिरवा दिवा लागला. मी माझं नाव आणि रस्ता सांगितला आणि म्हटलं, करारातलं एकच वाक्य वाचून दाखवते. पान सांगितलं. "बाजाराची परिस्थिती अनुकूल होईल त्याप्रमाणे." दोघा सदस्यांनी पानं उलटली, कागदांची सळसळ मला ऐकू आली. मी म्हटलं, विक्रीच्या ४०८ घरांना तारीख आहे आणि आमच्या मुलांच्या शिक्षिकांसाठी जी घरं आहेत त्यांना नाही. बाजार अनुकूल झाला नाही, तर या कराराप्रमाणे ती घरं कधी बांधावी लागतील? पिवळा दिवा. मी जमिनीची मागणी सांगितली. लाल दिवा लागायच्या आत माझं झालं होतं. माझ्यानंतर प्रीस्कूलच्या टीचर बोलल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, तरी त्या थांबल्या होत्या, रात्री आमच्याकडेच झोपणार होत्या. त्या फक्त त्यांचा दिवस सांगून खाली बसल्या: साडेचार, साडेसहा, पाच, साडेसात.

भाऊजी विरोधात बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सिग्नल मागितला. पहिल्या घराच्या ताब्याआधी, हे शब्द जसेच्या तसे.

साडेअकराला चर्चा सदस्यांकडे आली. एका सदस्याला घरं कमी करून हवी होती. शहराच्या वकिलांनी शांतपणे १९८२ चा कायदा समजावला. मग दुसऱ्या सदस्य, त्या रात्री तोवर फारसं न बोललेल्या, म्हणाल्या, "मला टप्प्यांच्या तक्त्याबद्दल विचारायचं आहे." आणि त्यांनी तोच प्रश्न बिल्डरच्या वकिलांना विचारला. ते म्हणाले, निधी मिळण्यावर अवलंबून आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि निधी मिळाला नाही तर?" सभागृहात पूर्ण शांतता होती. बिल्डरच्या बाजूने दहा मिनिटांचा वेळ मागितला गेला. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलले; दाराच्या काचेतून त्यांची हलणारी डोकी दिसत होती. आम्ही बाकांवर काहीच न बोलता बसून राहिलो. काकांनी खिशातून खडीसाखर काढून सगळ्यांना वाटली.

परत आल्यावर त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. परवडणाऱ्या इमारतीची जमीन पहिल्या टप्प्याच्या अंतिम नकाशाबरोबरच, जोडण्यांसकट, ना-नफा संस्थेला देणार. आणि दुसऱ्या टप्प्यातल्या २१८ पैकी निम्म्या, म्हणजे १०९ घरांचे बांधकाम परवाने झाल्यावर पुढचा एकही परवाना मिळणार नाही, जोपर्यंत त्या ७२ घरांचं काम प्रत्यक्ष सुरू होत नाही. सिग्नल पहिल्या ताब्याआधी, हे शहराच्या इंजिनीअरने आधीच अटींत घेतलं होतं. बाग मात्र तिसऱ्या टप्प्यातच राहिली. त्यासाठी जोर लावणारं कुणी उरलं नव्हतं, रात्रीचा पाऊण वाजला होता. चार विरुद्ध एक मतांनी ठराव मंजूर झाला.

बागेचं दुःख मला आजही आहे. पहिल्या दोन टप्प्यांत चारशे घरांतली मुलं राहायला येतील आणि ती खेळणार पार्किंगमध्ये. आम्ही ती मागणी तिसऱ्या क्रमांकावर लिहिली, तिथेच चूक झाली असं मला वाटतं. थकलेल्या सभेत पहिल्या दोन मागण्याच ऐकल्या जातात.

अशा कराराचा ठराव ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा स्थानिक कायदा म्हणून होतो, त्यामुळे त्याचं दोनदा वाचन लागतं. दुसरं वाचन दोन आठवड्यांनी झालं, रुटीन ठरावांच्या गठ्ठ्यात. मी मुद्दाम गेले होते. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यानंतर ३० दिवस थांबून करार लागू झाला, आणि ऑगस्टमध्ये नर्सरीच्या काचा उतरवायला माणसं आली.

पहिल्या टप्प्याचे पाये भरून झाले, चौकात सिग्नल लागला. मुलगा आता एकटा शाळेत जातो. पण सिग्नल दिसतो, परवान्यांचा आकडा रस्त्यावरून दिसत नाही. तो पाहायचा एक दिवस कायद्यानेच ठेवलेला आहे, हे मला त्या प्लॅनरनेच सांगितलं होतं. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचा वर्षातून किमान एकदा आढावा घ्यावा लागतो आणि करार प्रामाणिकपणे पाळतोय हे बिल्डरला दाखवून द्यावं लागतं.

पहिल्या आढाव्याच्या रात्री सभागृहात आम्ही तिघंच होतो. काका, मी आणि बाहेरच्या पावसामुळे आत येऊन बसलेले एक गृहस्थ. सत्तर-ऐंशी रिकाम्या खुर्च्या. चिठ्ठ्या दोनच, त्यामुळे आम्हाला पूर्ण तीन मिनिटं मिळाली. मी विचारलं, दुसऱ्या टप्प्याचे परवाने किती झाले आणि ७२ घरांचं कुठवर आलं. परवाने एकही नाही, असं उत्तर मिळालं. जमीन ना-नफा संस्थेच्या नावावर झाली आहे. टॅक्स क्रेडिटचा अर्ज एका फेरीत बसला नाही, पुढच्या फेरीत पुन्हा केला आहे.

घरी येऊन मी टीचरना कळवलं. त्या अजून ट्रेसीहूनच येतात. त्यांनी विचारलं, लॉटरी कधी निघेल? म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म आईबाबांनी तीनदा भरला होता, त्यामुळे तो प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. मी म्हटलं, तारीख अजून नाही, पण आता जमीन आहे. मग जुन्या तक्त्याची प्रत काढून तिसऱ्या टप्प्यासमोरच्या खोडलेल्या वाक्याच्या बाजूला अर्जाच्या पुढच्या फेरीचा महिना लिहिला, आणि फाइलला नाडी बांधून ती कपाटात वरच्याच खणात ठेवली.